शून्य सेकंदात आलेलं उत्तर

पडदा वर जातो तेव्हा मंचावर फारसं काही नाही. एक खोली. खोलीला एक खिडकी, खिडकीखाली टेबल, आणि टेबलावर एक म्हातारा कॉम्प्युटर. त्याच्या पंख्याची घरघर अशी, की नव्या पाहुण्याला वाटावं, आतल्या खोलीत कुणीतरी घोरतंय. शेजारी बरणीत खोचलेल्या पेन्सिली, पुठ्ठ्याचं जाडजूड रजिस्टर, खिडकीत चार कुंड्या. वेळ सकाळची, नऊच्या सुमाराची. डावीकडच्या दारातून चहाचे दोन कप सांभाळत एक गृहस्थ येतात, टेबलावर जागा शोधतात, आणि ती रोजच्यासारखी सापडत नाही.

पाठमोरी बसलेली बाई मागे न बघता म्हणते, "रजिस्टरवर नको हं."

"मग काय तुझ्या डोक्यावर ठेवू?"

"ठेवा. रिकामंच आहे सध्या. सकाळपासून एक प्रोग्राम चालेना झालाय."

या हॅलोताई. नाटकात नायिका आली की टाळी पडते. यांच्या प्रवेशाला आयुष्यात कधी टाळी पडली नाही, कारण यांना कुणी पाहिलंच नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात टेलिफोनचा बोर्ड होता, भिंतभर भोकांचा आणि लोंबणाऱ्या वायरींचा. आधी त्यापुढे आणि मग कॉम्प्युटरपुढे बसून त्यांनी एकोणतीस वर्षं पाच शब्दांवर नोकरी केली: "हॅलो, ठेवू नका, जोडून देते." वॉर्डातल्या नर्सपासून थोरल्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना त्या फक्त आवाज म्हणून माहीत होत्या. निवृत्तीच्या दिवशी वर आल्या तेव्हा एक डॉक्टर चक्क म्हणाले, "अरे, तुम्ही उंच आहात की!"

पण तळघरात बसून त्यांचे कान असे तयार झाले, की काय सांगावं. रडू गिळून बोलणारा माणूस त्या एका अक्षरावरून ओळखत. उभ्याने बोलणारा वेगळा, बसलेला वेगळा. आडव्या माणसाचा आवाज तर छातीतून न येता गळ्यातूनच निघतो, असं त्या सांगत. त्या खाटेवरच्या पेशंटशी नेहमी जरा हळू बोलायच्या, दिसत नसला तरी.

त्या एक्केचाळीस वर्षांच्या असताना बोर्ड गेला आणि कॉम्प्युटर आला. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं म्हणत सोबतच्या दोघी दुसऱ्या खात्यात निघून गेल्या. हॅलोताई राहिल्या. यंत्र बसवायला आलेला माणूस तळघरातच डबा खायचा. त्याला सगळे मशीनवाले दादा म्हणत. तिसऱ्या दिवशी ताईंनी त्याला विचारलं, "हे यंत्र ऐकतं कुणाचं?"

"ज्याने लिहिलंय त्याचं."

"मग मला लिहायला शिकवा."

दादा आधी हसले. मग हातातला घास डब्यात ठेवून त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं: जर. खाली लिहिलं: नाहीतर. "ताई, सगळं जग या दोन शब्दांत बसवायचं. बाकी सगळी सजावट." पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनी शिकवलं, आणि जाताना मुखपृष्ठ फाटलेलं स्वतःचं पुस्तक टेबलावर ठेवून गेले. पुन्हा कधी भेटले नाहीत. ताईंचा पहिला प्रोग्राम तीन ओळींचा होता. तो नाव विचारायचा आणि त्या नावाला हॅलो म्हणायचा. तो चालला तेव्हा तळघरात त्या एकट्याच होत्या, तरी उभ्या राहिल्या. कुणी मोठं माणूस खोलीत आल्यावर आपण राहतो तशा.

प्रोग्राममध्ये अशी एक सोय असते, की एखाद्या ओळीपुढे खूण केली की यंत्र ती ओळ वाचत नाही, सोडून देतं. माणसांनी माणसांसाठी टिपण ठेवावं म्हणून ती सोय. ताईंनी तिथे आभार मानायला सुरुवात केली. त्यांचा कुठलाही प्रोग्राम उघडा, पहिली ओळ यंत्रासाठी नसतेच. "मशीनवाल्या दादांना, जिथे असतील तिथे." "तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंना, आज त्यांचे फोन कमी आले म्हणून हे लिहून झालं." "नवऱ्याला, आज काही न विचारल्याबद्दल."

नवरा म्हणजे तेच, चहावाले. बस डेपोत मेकॅनिक होते. हॉस्पिटलने मोडीत काढलेला कॉम्प्युटर निवृत्तीनंतर घरी आला तेव्हा त्यांनी तो उघडून, फुंकर मारून, तेलाचा थेंब कुठे द्यायचा ते विचारलं होतं.

ताईंचे प्रोग्राम विकण्याचे नव्हते. एकेका माणसाच्या मापाने शिवलेले होते. कुंड्यांपैकी आज पाणी कुणाला, हे सांगणारा एक. नवऱ्याने चष्मा शेवटचा कुठे काढला, हे त्यालाच उलटे प्रश्न विचारून शोधणारा एक. खालच्या मजल्यावरच्या मुलीला पाढे येईनात, तर मुद्दाम चुकीचा पाढा म्हणणारा एक; चूक पकडण्याच्या नादात तिचे पाढे पाठ झाले. आणि एक भांडी कुणी घासायची ते ठरवणारा. त्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

निवृत्तीनंतर भांड्यांवरून रोज वाद. ताई म्हणाल्या, यंत्रालाच विचारू. त्याला ना नवरा ना बायको. नवऱ्याला नंबर दिला शून्य, स्वतःला एक. रोज रात्रीचं जेवण झालं की यंत्राने चिठ्ठी टाकल्यासारखा एक आकडा काढायचा. पहिल्या दिवशी शून्य आलं. दुसऱ्या दिवशी शून्य. नवऱ्याने बाह्या सरसावल्या, नशीब म्हणाला. अकराव्या दिवशी हातातलं पातेलं घेऊन तो बाहेर आला. साबणाचा फेस कोपरापर्यंत.

"अगं, तुझ्या त्या यंत्राला काही लाजलज्जा? अकरा दिवस! लॉटरीसुद्धा एवढी सलग हरत नाही माणूस."

ताईंनी प्रोग्राम उघडला आणि कपाळावर हात मारला. यंत्र शून्य आणि एकच्या मधला अपूर्णांक काढत होतं, आणि त्यांनी त्याला सांगितलं होतं, दशांश चिन्हापुढचं छाटून टाक. मग काय, शून्य पूर्णांक नऊ नऊ नऊ आला तरी त्याचं शून्यच. त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. पुढचे अकरा दिवस भांडी त्यांनी घासली. नवऱ्याचं नाव त्या दिवसापासून शून्यराव पडलं, आणि रजिस्टरमध्ये टिपण आलं. ड्युटीच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर त्या सॉफ्टवेअरबद्दल मनात येईल ते लिहायच्या. त्या दिवशी लिहिलं:

"मी सांगितलं ते यंत्र करतं, मला म्हणायचं होतं ते करत नाही. नवऱ्याचं बरोबर उलट आहे. दोघांचं जमवून घेतलं की संसार होतो. दुसरं असं, की माणसाच्या आयुष्यात रोज तोच आकडा येत नाही. आला, तर यंत्र चुकलंय किंवा कुणीतरी काहीतरी लपवतंय."

आता दुसरं पात्र. समोरच्या इमारतीत पडदेमास्तर राहायचे. नाटकांचे मागचे पडदे रंगवायचे. राजवाडा, अरण्य, रस्ता, तुरुंग. वीस फूट उंच शिडीवर उभं राहून झाडूएवढ्या ब्रशने झाडाचं पान असं काढायचे, की पहिल्या रांगेतल्या माणसाला वारा लागावा. नट त्या पडद्यांपुढे उभे राहून टाळ्या घेत. मास्तर विंगेत, हाताला रंग, ओठांवर हसू. ते सगळे पडदे आता गेले. काही फाटले, काही उंदरांनी खाल्ले, काही कुणी ट्रकवर ताडपत्री म्हणून बांधले. बायको गेल्यावर मास्तरांनी ब्रश पुन्हा हातात घेतला, आणि घराच्या भिंतींवरच ते हरवलेले पडदे आठवतील तसे काढायला लागले. एकेक वर्तमानपत्राच्या पानाएवढा. दोन खोल्यांत मिळून एकतीस झाले होते. फक्त बत्तिसावा, नदीकाठ, पलंगासमोरच्या भिंतीवर छतापर्यंत उंच घेतला होता, आणि तोच राहिला होता.

मुलगा दुसऱ्या शहरात, नोकरीत, काळजीत. "बाबा, माझ्याकडे चला," हे त्याचं पालुपद. मास्तरांचं उत्तर ठरलेलं: "भिंती घेऊन येता येतील का बघ, मग येतो." शेवटी ताईंनी तोड काढली. रोज सकाळी आठला, मुलाने मास्तरांना घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरवर घंटा वाजायची आणि मोठ्या अक्षरांत प्रश्न यायचा: "मास्तर, आहात ना?" मास्तरांनी एक बटण दाबायचं. कोणतंही चालेल, बोटं थरथरतात, नेमकं बटण कशाला? अर्ध्या तासात उत्तर आलं नाही, तर ताईंचा आणि मुलाचा, दोघांचे फोन वाजणार. मुलाने अट घातली. "काकू, तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण हे पडले, आजारी पडले, एकदा जरी घंटा माझ्यापर्यंत आली, की मी येऊन घेऊन जाणार. मग रडारड नको."

मास्तर कबूल झाले. चार वर्षं प्रोग्राम बिनबोभाट चालला. त्याच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं: "मास्तरांच्या मुलाला, विश्वासाबद्दल."

आणि मग तो शनिवार आला.

ताई शनिवारी सगळ्या प्रोग्रामच्या नोंदी बघायच्या, लोक जुने फोटो बघतात तशा. मास्तरांच्या नोंदीत प्रश्न गेल्यापासून किती सेकंदांनी उत्तर आलं, ते असायचं. त्या आकड्यांवरून ताईंना मास्तर दिसायचे. अठ्ठेचाळीस सेकंद म्हणजे खुर्चीतच होते. दोनशे बारा म्हणजे दाढी करत होते. नऊशे म्हणजे ब्रश ओला होता, आकाश पुरं केल्याशिवाय हलले नाहीत.

त्या सकाळी नोंद अशी होती: सोमवार पंच्याहत्तर. मंगळवार एकशे एकतीस. बुधवार शून्य. गुरुवार शून्य. शुक्रवार शून्य. शनिवार शून्य.

"अहो," ताई म्हणाल्या, "इकडे या जरा."

शून्यरावांनी चष्मा पुढे ओढून पाहिलं. "वा! मास्तर चपळ झालेत."

"साठ वर्षं शिडी चढून त्या माणसाच्या गुडघ्यांची चाळण झालीय. घंटा वाजायच्या आधी उत्तर देतात होय ते?"

"मग तुझा प्रोग्राम चुकला असेल. ते छाटाछाटीचं काहीतरी."

ताईंनी वरून खालपर्यंत तपासलं. प्रोग्राम बरोबर होता. त्यांचा हात टेबलावर तसाच थांबला. "गुरुवारी मी फोन केला होता. म्हणाले, रंग ओला आहे, या आठवड्यात येऊ नका. मजेत बोलत होते. पण आवाज..." त्या उठल्याच. "आवाज आडवा होता हो. सकाळी अकरा वाजता! मला वाटलं, डुलकी काढत असतील. कान सांगत होता आणि मी ऐकलं नाही."

"किल्ली कुठेय त्यांची?"

"कुंडीमागे. चला."

मास्तरांच्या दाराची जादा किल्ली ताईंकडेच असायची. दार उघडलं तर बाहेरच्या खोलीत कुणी नाही. कॉम्प्युटर चालू. आणि कीबोर्डवर, त्या सगळ्यात लांब बटणावर, काळा गुळगुळीत दगडी बत्ता आडवा ठेवलेला. रंग घोटायचा. चांगला दोन किलोचा. बटण दबलेलंच, म्हणजे आठ वाजले की प्रश्न पडद्यावर येतोय न येतोय तोच यंत्राला उत्तर हजर.

"कोण आहे?" आतून आवाज आला. तोच, गळ्यातून निघणारा.

"मी हॅलो, मास्तर."

आतल्या खोलीत मास्तर पलंगावर होते. उजवा पाय उशीवर, घोटा भोपळ्यासारखा सुजून निळा-जांभळा झालेला. उशाशी बिस्किटांचे रिकामे पुडे, पाण्याची बाटली. अंगात ताप. मंगळवारी दुपारी नदीकाठाचं आकाश काढायला स्टुलावर चढले आणि स्टूल कलंडलं. संध्याकाळी भिंत धरत, बसत, सरपटत बाहेरच्या खोलीत गेले, बत्ता ठेवला आणि तसेच परत आले.

ताई संतापल्या की बोलत नसत. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग पाय पाहिला, मग हॉस्पिटलला फोन लावला. त्यांच्या खुर्चीवर आता बसणाऱ्या मुलीने त्यांचा आवाज ओळखला आणि म्हणाली, "ताई, ठेवू नका, जोडून देते." एवढं ऐकूनच ताईंचे डोळे भरले. गाडी निघाली असं कळल्यावर त्या मास्तरांकडे वळल्या.

"आता बोला. हा काय तमाशा?"

"तमाशा नाही, हातचलाखी," मास्तर क्षीण हसले. "विंगेतून वीस वर्षं चंद्र वर ओढलाय मी दोरीने. प्रेक्षकांना कधी कळलं नाही."

"मला कळलं! चार दिवस उशिरा कळलं, याची लाज वाटतेय. तापाने फणफणताय. उद्या काही झालं असतं, तरी तो बत्ता रोज आठ वाजता सांगत राहिला असता, मास्तर मजेत आहेत!"

मास्तरांचं हसू उतरलं. ते भिंतीकडे बघत राहिले. तिथे नदीचं पाणी होतं, घाटाच्या पायऱ्या होत्या, एक रिकामी नाव होती. वर मोकळा चुना. "एकच राहिलाय, ताई. त्याला कळलं तर तो घेऊन जाईल. मुलाला सांगू नका. आजवर काही मागितलं का मी तुमच्याकडे?"

शून्यराव मध्ये पडले. "मास्तर, इंजिन गरम झालं तर तापमानाचा काटा बोटाने झाकून गाडी हाकत नाहीत. एवढं मलासुद्धा कळतं."

ताई पलंगाच्या कडेला बसल्या. "सांगणार. पण सगळं सांगणार, अर्धं नाही."

घोट्याचं हाड तडकलं होतं. प्लास्टर, सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर तापाने वेगळं वळण घेतलं असतं. ताईंनी हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून मुलाला फोन केला, आणि रविवारी दुपारी तो मास्तरांच्या घराच्या दारात उभा होता. प्रवासाची बॅग खांद्यावरच. प्लास्टरकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"बाबा, आपलं ठरलं होतं."

मास्तरांनी प्लास्टरवर चादर ओढली. बोलल्या त्या ताई. "चुकले ते बाबा नाहीत. मी चुकले."

"काकू, तुम्ही त्यांना पाठीशी घालू नका. बटणावर दगड ठेवला त्यांनी. सरळ फसवलं."

"फसवलं, हो. आणि त्याचं त्यांना बोलून झालंय माझं. पण फसवता का आलं? कारण मी प्रश्नच असा विचारला, की दगडसुद्धा त्याला हो म्हणू शकतो. म्हणाला की चार दिवस! एकोणतीस वर्षं मी फोनवर बसले रे. पलीकडच्याला कधी 'आहात ना?' असं विचारून फोन ठेवला नाही. हॅलो म्हणायचं आणि थांबायचं. तो काय विचारतोय, त्याचा श्वास कसा लागतोय, ते ऐकायचं. आणि तुझ्या वडिलांना मी चार वर्षं रोज सकाळी काय विचारलं? जेलमध्ये हजेरी घेतात ते."

"तसं काही नाही हो," मास्तर पुटपुटले.

"तसंच आहे. मला माझ्या प्रोग्रामचा फार अभिमान होता. कधी पडला नाही म्हणून. अहो, पडला असता तर बरं झालं असतं."

मुलगा खुर्चीवर टेकला. बॅग आता खाली आली. मग भिंतीवरच्या रस्त्याच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "या दिव्याखाली मी झोपायचो ना? तालमीच्या वेळी. गुंडाळलेल्या पडद्यावर."

"तो दिवा तुझ्यासाठीच काढला होता. नाटकात नव्हता," मास्तर म्हणाले. "दिग्दर्शक ओरडला होता माझ्यावर."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस."

शून्यराव चहा करायला आत गेले. हा माणूस भांडी घासून शहाणा झाला होता. कधी आत जायचं ते त्याला कळत होतं.

"फोन केला की मी काय विचारतो?" मुलगा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "गोळ्या घेतल्या का. गॅस बंद केला का. मीही हजेरीच घेतो." मग ताईंकडे वळून, "पण काकू, मी त्यांना असंच सोडून जाऊ शकत नाही. सहा आठवडे इथे राहून काम करतो. प्लास्टर निघालं की बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. मला पटलं तर राहतील. नाहीतर भिंतीचे फोटो काढून घेऊन जाईन, आणि त्यांनाही."

ताईंनी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोक्याने नवा प्रोग्राम लिहायला घेतला. जुन्यातली एकच ओळ ठेवली, आठची घंटा. आता रोज आठला यंत्र चिठ्ठी टाकणार. एका बाजूला मास्तर कायम. दुसऱ्या बाजूला मुलगा, ताई किंवा शून्यराव. विचारायचं कुणी आणि उत्तर द्यायचं कुणी, तेही चिठ्ठीवरच. विचारायचं ते खरंखुरं, काल ज्याचं उत्तर माहीत नव्हतं असं. उत्तर अक्षरांत लिहायचं. अर्ध्या तासात एका बाजूने जरी काही आलं नाही, तर सगळ्यांचे फोन वाजणार.

"नंबर कसे दिलेस?" शून्यरावांनी मागून डोकावत विचारलं.

"तुम्ही एक, मी दोन. शून्य नंबर मुलाचा."

"सुटलो बाबा! आणि ते छाटायचं?"

"या खेपेला नीट केलंय. दोनशे वेळा चिठ्ठ्या टाकून पाहिल्या."

पहिल्या ओळीत, यंत्र जी वाचत नाही तिच्यात, त्यांनी लिहिलं: "दोन किलोच्या दगडी बत्त्याचे आभार. चार वर्षांत माझी चूक त्याने एकट्याने दाखवली."

त्या सहा आठवड्यांत बाप आणि मुलगा एका घरात असून सकाळी आठला एकमेकांना कॉम्प्युटरवर प्रश्न विचारायचे. मुलगा बाहेरच्या खोलीतून लिहायचा, मास्तर आतून मुलाच्या फोनवर एका बोटाने उत्तर द्यायचे. मुलाने विचारलं, अरण्याच्या पडद्यात माकडं सात का आहेत? मास्तरांनी लिहिलं, सहा आहेत, सातवा तो नाटक कंपनीचा मॅनेजर. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत हसण्याचा आवाज गेला. एकदा मास्तरांनी विचारलं, तुला तुझं काम आवडतं का? त्या दिवशी उत्तर यायला एकोणतीस मिनिटं लागली. नोंद बघून ताईंचा जीव नुसता टांगणीला. उत्तर काय आलं ते त्यांनी वाचलं नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने सगळंच वाचू नये, असं त्यांच्या रजिस्टरमध्ये आहे.

प्लास्टर निघालं. मास्तर काठी घेऊन दारापर्यंत जाऊन आले. सगळे बाहेरच्या खोलीत जमले होते. मुलगा आत गेला आणि स्टूल उचलून घेऊन आला.

"हे मी घेऊन जातोय," तो म्हणाला.

मास्तरांनी ताईंकडे पाहिलं, ताईंनी त्याच्याकडे. "आणि बाबा?"

"बाबा राहतील. स्टूल जाईल. जमिनीवर उभं राहून काय काढायचं ते काढा."

"अरे, पण नदीकाठाचं आकाश वर आहे! तिथे हात कसा पोचणार?"

"मग पाण्यात पडलेलं काढा."

मास्तर काठीवर दोन्ही हात ठेवून मुलाकडे बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी दिग्दर्शकांचं ऐकलं होतं, बहुतेक वेळा नाइलाजाने. "पाण्यात पडलेलं," ते हळूच म्हणाले. "हे बरं सुचलं रे तुला." मग ताईंपुढे हात जोडायला गेले तर काठी सुटली. शून्यरावांनी वरच्या वर पकडली आणि म्हणाले, "आभार राहू द्या, मास्तर, तोल सांभाळा."

मुलगा संध्याकाळी निघाला, स्टूल काखोटीला मारून. खाली रिक्षावाला विचारत होता म्हणे, घर बदलताय का?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चिठ्ठी निघाली: विचारणार मास्तर, उत्तर देणार हॅलोताई. प्रश्न आला. "नदीत कोणतं आकाश पाडू ते ठरेना. तुमच्याकडून आत्ता कसं दिसतं? निळं म्हणालात तर ऐकून घेणार नाही."

ताईंनी खिडकीतून पाहिलं. समोर इमारत, वर चिंचोळी पट्टी. एवढ्याने मास्तरांचं भागणार नाही. त्यांनी शाल ओढली आणि जिने चढून गच्चीवर गेल्या. वर आभाळ पसरलं होतं, आणि इतकी वर्षं तळघरात काढलेल्या बाईला ते एका नजरेत मावेना. पूर्वेकडे एक रंग, डोक्यावर दुसरा, टाकीच्या पाठीमागे तिसराच. त्या एकेकाला नाव शोधत उभ्या राहिल्या. घड्याळ विसरून गेल्या.

खाली फोन वाजला. शून्यरावांनी उचलला. पलीकडे मास्तर, घाईघाईत, बसलेल्या माणसाच्या भरदार आवाजात. "ताई कुठायत हो? प्रश्न पाठवून अकरा मिनिटं झाली, उत्तर नाही. बऱ्या आहेत ना? मी येऊ का काठी घेऊन?"

शून्यराव फोन घेऊन धापा टाकत गच्चीवर आले. "घे. तुझी हजेरी घेतायत."

ताईंनी फोन कानाला लावला. वर पाहत, हसत त्या म्हणाल्या, "आहे हो मास्तर, आहे! तीन रंग सापडलेत आणि चौथ्याला नाव सापडत नाहीये. ठेवू नका, सांगते."